ओळीच्या शेवटी अप्पा

माझ्या टोपीत दोन माईक होते आणि सोबत अप्पा होते. गेटवरच्या गार्डबाई दोघांपैकी कोणाकडे आधी बघतात, याचीच मला धास्ती होती.

टोपी साधी, उन्हाची. आतल्या शिवणीत, दोन्ही कानांच्या वर, मसुराएवढे दोन माईक, आणि वारा अडवायला त्यांच्यावर खोट्या फरचे तुकडे. रेकॉर्डर कमरेला, ओढणीखाली. वाघजाईच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, फेब्रुवारीत दुपार कलली की समुद्राकडून जो वारा सुटतो, तो उघड्या माईकमध्ये शिरला की गाणं राहतं बाजूला आणि नुसती ताडपत्री फडफडल्यासारखी ऐकू येते. बारा वर्षं हेच करतेय मी. पण लपवून करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. गेटवर फलक होता, 'खारफुटी बँडच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करण्यास सक्त मनाई.'

खारफुटी आणि मनाई? ज्या बँडने रत्नागिरीच्या पहिल्या कार्यक्रमापासून आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांना पुढे बोलावून बसवलं, त्यांनी? मी फलक तीनदा वाचला, आणि मगच रेकॉर्डर ओढणीखाली सरकवला.

गार्डबाईंनी माझी पिशवी उलथीपालथी केली. हात टोपीकडे येणार, तेवढ्यात त्यांची नजर अप्पांच्या गळ्याकडे गेली. तिथे आईने विणलेला पांढरा रुमाल असतो, आणि श्वासाबरोबर तो आत-बाहेर हलतो, कारण अप्पांचा श्वास आता नाकातून नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून चालतो. बाईंनी नजर वळवली आणि दोघांनाही आत सोडलं. अप्पांच्या आजाराचा मी असा फायदा घेतला, याची मला लाज वाटली. पण ती आत गेल्यावर वाटली.

मी दर्शना पाष्टे. चिपळूणला कानाच्या यंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासते. आणि सुट्टीला टेपवाली असते. टेप आमच्यातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आवडत्या बँडच्या मागे गावोगाव फिरायचं आणि मंचावरचं गाणं जसं झालं तसं पकडायचं, तार तुटली तर तुटलेलं, गायक शब्द विसरला तर विसरलेलं. माईक चालू असताना आम्ही टाळी वाजवत नाही, खोकला आला तर गिळतो. विकणं तर पाप. परवानगीच्या बदल्यात पहिली कॉपी, एक सेकंदही न कापता, बँडच्या हवाली करायची. नंतर आपल्या कॉपीला काय तासायचं, घासायचं ते घासा. आणि गेटबाहेर पाऊल पडेपर्यंत रेकॉर्डर बंद करायचा नाही, कारण ऐकण्यासारखं काहीतरी नेमकं बंद केल्यावरच होतं, असा प्रत्येकाचा अनुभव.

हे सगळे नेम मी पाळले. त्यातल्या 'तासा, घासा'नेच माझा घात केला.

अप्पा म्हणजे दत्ताराम पाष्टे, गुहागर डेपोचे निवृत्त ड्रायव्हर आणि गावच्या जाखडीच्या नाचगाण्यातले झीलकरी. जाखडीत शाहीर ओळ म्हणतो, आणि ओळीचं शेपूट झीलकरी उचलून वर नेतो, तेवढ्यात शाहीर दम घेतो. चाळीस वर्षं हे केलेल्या माणसाला कुठलीही ओळ आपल्या डोळ्यांदेखत खाली पडलेली बघवत नाही. पोरगी एकटी कुठे कुठे हिंडते म्हणून आई त्यांना माझ्याबरोबर धाडायची. मग त्यांनाच खारफुटीचं वेड लागलं. विहंग मयेकर हा खारफुटीचा गायक. त्याची ओळ संपत आली की माझ्या डाव्या खांद्यापाशी झील उठायची. आधी नाकातून, सुराच्या जरा खालून, मग वर, आणि मधेच घाटात गिअर बदलल्यासारखा एक झटका. तो झटका फक्त अप्पांचा. गावातल्या दुसऱ्या कुणाला तो जमला नाही.

सूर पक्का असायचा, पण म्हणून काय झालं? माईकपासून दोन हातांवर कुणी गळा काढला तर टेपवाल्याच्या अंगाचा तिळपापड होणारच. मी दातओठ खाऊन कुजबुजायची, "अप्पा, माईक चालू आहे." ते ओशाळायचे, दोन ओळी गप्प राहायचे. तिसऱ्या ओळीला ये रे माझ्या मागल्या.

मग आवाज वेगळे करणारा प्रोग्राम आला, आणि मी हर्षाने वेडी झाले. अप्पांची झील निवडायची आणि खोडायची. एक्केचाळीस कार्यक्रम मी असे स्वच्छ केले. सहा महिने खपले. जागा कमी पडत होती म्हणून मूळ फायली पुसून टाकल्या. म्हटलं, न कापलेली कॉपी बँडकडे आहेच. टेपवाल्यांनी माझी पाठ थोपटली. इतकं शुद्ध रेकॉर्डिंग कुणाकडे नाही, म्हणाले. मी ते अप्पांना कौतुकाने ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि म्हणाले, छान झालंय, शांत वाटतं.

दोन वर्षांपूर्वी अप्पांचं स्वरयंत्र काढलं. तंबाखू. त्यावर आता बोलून काय उपयोग.

डॉक्टरांनी कंठपट्टी दिली. आता ही पट्टी बऱ्याच जणांच्या गळ्यात दिसते, तरी सांगते. हनुवटीखाली बसणारा बोटभर रुंदीचा मऊ पट्टा. माणूस आवाज न काढता बोलला तरी जिभेचे आणि मानेचे स्नायू हलतात, त्यांच्यात बारीक वीज खेळते. पट्टी ती वाचते, आणि खिशातला डबा डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचा आवाज करतो. कोणाचा आवाज, हा खरा प्रश्न. डब्याला तुमचा जुना आवाज शिकवावा लागतो, निदान दहा तासांचा. तुम्ही शब्द कुठे दाबता, कुठे सोडता, श्वास कुठे घेता, हे त्याला तेव्हाच कळतं. तेवढा आवाज नसेल तर तयार आवाज मिळतो.

अप्पांचा आवाज किती होता माझ्याकडे? फोनमधल्या व्हिडिओंतून वेचून चार मिनिटं दहा सेकंद. त्यातलं मिनिटभर 'हां, हां, ठेव आता'. जाखडीचे व्हिडिओ होते, पण त्यात भोंग्याच्या खरखरीपुढे काही उरलं नव्हतं. जगातल्या परक्या माणसांचे आवाज जपून ठेवणारी मी, आणि बापाचा आवाज हातांनी खोडून बसले होते.

तयार आवाज अप्पांनी एकदाच लावला. म्हणाले, चहा ठेव. घरात कोणी मोठे साहेब बोलल्यासारखं वाटलं; आई पदर सावरून उभी राहिली. अप्पांनी पट्टी काढली, कपाटात ठेवली आणि नातीची शाळेची पाटी घेतली. तेव्हापासून पाटी आणि पेन्सिल.

मी बँडला तीनदा लिहिलं. माझ्या एक्केचाळीस मूळ कॉप्या परत द्या, वडिलांसाठी हव्यात, पाया पडते. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं, जुन्या कॉप्या आता आमच्याकडे नाहीत. खाली सही, ऋजुता साने, व्यवस्थापक.

एवढं होऊनही मी सड्यावर का गेले? कारण खारफुटी दोन वर्षांनी मंचावर येत होता. आणि अप्पांनी पाटीवर लिहिलं होतं, 'जाऊ या.'

*

साडेचारला बँड आला. मी नेहमीसारखी ध्वनिमिश्रकाच्या तंबूपुढे डावीकडे बसले. कातळ तापलेला होता, खाली सतरंजी टाकली तरी चटका लागत होता. विहंग वाळला होता. एवढ्या उन्हात त्याने गळ्याला मफलर गुंडाळली होती. गायकांची असली खुळं असतात म्हणून मी सोडून दिलं.

पहिली दोन गाणी झकास झाली. आवाज जुन्यापेक्षाही ताजा. डावीकडे अप्पा गप्प. मनात आलं, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझं रेकॉर्डिंग नासवलं नाही. आणि हुंदका आला, तो मी खोकल्यासारखा नेमाप्रमाणे गिळला.

तिसरं गाणं नवीन होतं. चार महिन्यांपूर्वी आलेलं.

'पाणी गेलं तरी चिखल ओला राही...'

'राही'चा 'ही' खाली येत होता. पडता पडता तो उचलला गेला. आधी नाकातून, सुराच्या जरा खालून. मग वर. मधे झटका.

मी डावीकडे पाहिलं. डोकं हलवलं की रेकॉर्डिंगमध्ये मंच सरकतो, म्हणून बारा वर्षांत मी माईक चालू असताना मान वळवली नव्हती. अप्पांचं तोंड मिटलेलं होतं. त्यांचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला होता, आणि तो रुमाल भराभर हलत होता.

पुढच्या ओळीला परत तेच.

जुनी टेप लावली असेल, असं आधी वाटलं. पण कसं शक्य आहे? गाणं चार महिन्यांचं, अप्पांचा गळा जाऊन दोन वर्षं झाली. हे गाणं अप्पांनी कधी म्हटलंच नव्हतं. जन्मात कधी न म्हटलेल्या ओळीच्या शेवटी त्यांचा गळा उभा होता, तोही विहंगच्या तोंडून.

मग मी कानाचा धंदा करणाऱ्या बाईसारखी ऐकू लागले. विहंगच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, श्वास घेताना त्याची बारीक शीळ वाजते. टेपवाल्यांना ती शीळ पाठ आहे, लहान श्वासाला लहान, मोठ्याला मोठी. आज प्रत्येक शीळ एकाच मापाची होती. आणि ती मफलर.

विहंगला आवाज नव्हता. मफलरीखाली कंठपट्टी होती. डब्याला त्याचा आवाज शिकवायला तासन्‌तास गाणं लागलं असणार, आणि स्टुडिओतलं कामाचं नाही, ते तुकडे जोडून केलेलं असतं. मंचावरचं अखंड गाणंच हवं. ते त्यांच्याकडे कुठून आलं? आमच्याकडून. न कापलेल्या कॉप्यांतून. गर्दीचा गलका त्यांनी गाळला असेल, हजार तोंडांचा गलका वेगळा कळतो. पण एक माणूस, तोही माईकजवळ, एक्केचाळीस कार्यक्रमांत, दर वेळी विहंगच्याच सुरात, ओळीच्या त्याच जागी? डब्याने तो विहंगचाच भाग समजून घोटला. ओळ संपते तेव्हा हा गळा असा वर जातो, एवढंच तो शिकला.

म्हणजे कॉप्या होत्या. ऋजुता साने खोटं बोलली होती.

आणि मनाई का, तेही उलगडलं. मंचावर यंत्राचा आवाज असेल तर तिकिटावर तसं छापायचं, असा गेल्या वर्षीपासून नियम आहे. नाही छापलं तर बँडला तीन वर्षं मंच बंद. माझ्या तिकिटावर काही छापलेलं नव्हतं. माझ्या कमरेला जे चाललं होतं, तो पुरावा होता.

एवढ्यात अप्पा उठले. काही न लिहिता, न खुणावता, मंचाच्या दिशेने चालू लागले. सतरंज्यांवरून, लोकांच्या पायांवरून, समोर कुणी हाक मारतंय अशा नजरेने. चालू रेकॉर्डिंगमध्ये जागा सोडायची नाही, असं माझी हाडं ओरडत होती. मी उठले आणि धावले. वाऱ्याने टोपी मागे उलटली, आतले फरचे तुकडे उघडे पडले. कठड्यापाशी अप्पांचा हात धरला, तोच त्याच गार्डबाईंनी माझा धरला.

*

मंचामागच्या तंबूत आम्हाला बसवलं. पाच-सात मिनिटांत पहिला भाग संपला, टाळ्या झाल्या, आणि विहंग आत आला. माझ्याकडे बघून हसला. ओळखतो मला, बारा वर्षं ओळखतो. मग माझी टोपी टेबलावर पाहिली आणि खुर्चीत बसला. ऋजुता साने मात्र उभीच होती. माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बिचारी चार रात्री झोपली नसावी. पण तेव्हा मला तिचा राग आला होता, बिचारीबिचारी काही वाटली नाही.

रेकॉर्डर काढा, म्हणाली. मी काढून मांडीवर ठेवला. फाईल पुसा, माझ्यासमोर. मी म्हटलं, आधी हे सांगा, माझ्या वडिलांचा आवाज तुमच्या डब्यात काय करतोय?

तिला काही कळलं नाही. खरंच कळलं नाही, तोंडावरून दिसत होतं. मी सगळं सांगितलं. झील, एक्केचाळीस कार्यक्रम, तीन पत्रं. ऐकता ऐकता ती खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली की विहंगच्या स्वरतंतूंवर गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि ती फसली. कुजबुजीपलीकडे काही उरलं नाही. चार जणांची घरं या बँडवर चालतात. तिकिटावर छापलं असतं तर कोण आलं असतं? तुमच्या पत्रांना खरं उत्तर दिलं असतं तर कॉप्या कशाला लागल्या ते सांगावं लागलं असतं, म्हणून खोटं लिहिलं.

मी विचारलं, कॉप्या आहेत?

"आहेत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस," ती म्हणाली. "तुम्ही ही फाईल पुसा, आणि आज ऐकलं ते कुठे बोलणार नाही असं लिहून द्या. कॉप्या आत्ता, इथेच देते."

बघा आता. एका हाताला अप्पांचा आवाज. त्या कॉप्यांतून झील वेगळी काढली, जोडीला माझ्याशी मधेमधे बोललेलं वेचलं, तर दहा तास सहज भरतील. कपाटातल्या पट्टीला अप्पा शिकवता येतील. दुसऱ्या हाताला एक फाईल आणि सड्यावर बसलेले सहा हजार लोक, ज्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही. टेपवाल्यांचा धर्म आहे की झालेलं गाणं पुसायचं नाही. मरो तो धर्म. मी तो एक्केचाळीस वेळा आधीच बुडवला होता.

कागद समोर आला. मी सही केली. मग रेकॉर्डर उचलला. अजून चालूच होता. गेटबाहेर गेल्याशिवाय बंद करायचा नाही, बोटांनाच सवय. मी पुसायच्या बटणाकडे अंगठा नेला.

अप्पांनी माझं मनगट धरलं.

ड्रायव्हरचा हात आहे तो, अजून पक्कड सुटलेली नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि सावकाश लिहिलं, 'पुसू नको.'

मी समजावू लागले. अप्पा, तुमचाच आवाज मिळतोय, तुमच्यासाठीच करतेय. त्यांनी मान हलवली. पाटीवर थुंकी लावून त्यांनी कधीच पुसलं नव्हतं, नेहमी ओल्या फडक्याने पुसतात. या वेळी पुसलंच नाही. त्याच शब्दांखाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं, 'लय पुसलंस.'

मला रडू आलं. टेपवालीला शोभणार नाही असं, आवाज करून आलं. दोन वर्षांत त्यांनी त्या शुद्ध रेकॉर्डिंगबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. शांत वाटतं, म्हणाले होते तेव्हा. मी ते कौतुक समजले होते.

ऋजुता म्हणाली, मग कॉप्या विसरा. दुसरा भाग सुरू व्हायला वीस मिनिटं होती, बाहेर लोक तालात टाळ्या वाजवत होते.

तेव्हा विहंगने मफलर सोडली. पट्टीचं बटण बंद केलं, खुर्ची ओढून अप्पांच्या समोर आणली आणि स्वतःच्या उरल्यासुरल्या कुजबुजीत बोलला. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं, नाहीतर वाऱ्यात गेलं असतं.

"काका, डबा बनवणारे मला म्हणाले होते, तुमच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळलाय, काढून टाकू का? मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. मंचावर दम संपला की पुढून एक माणूस ओळ उचलून धरायचा. तोंड कधी दिसलं नाही, डोळ्यांवर दिवे असायचे. पण त्या माणसाच्या भरवशावर मी ओळी लांबवायचो."

मी मान खाली घातली. परक्याने जे हात लावू न देता ठेवलं, ते मी खरवडून काढलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती.

अप्पा विहंगच्या गळ्याकडे बघत होते. शिवलेल्या जागेचा व्रण, त्यावर पट्टीचा लाल वळ. मग त्यांनी स्वतःचा रुमाल वर केला. घराबाहेर कधी करत नाहीत. ते भोक त्यांनी विहंगला सरळ दाखवलं, आणि पाटीची दुसरी बाजू वापरली. 'लाज कसली?'

पुढचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. दुसऱ्या भागात विहंग उघड्या गळ्याने मंचावर गेला आणि पट्टीवर बोट ठेवून सहा हजार लोकांना सगळं सांगितलं. काही उठून गेले, बरेच थांबले. तक्रार झाली, चौकशी झाली, तीन वर्षांची बंदी एका वर्षावर आली. माझ्या सहीचा कागद ऋजुताने त्याच दिवशी फाडला. कॉप्या मला मिळाल्या, आणि त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी एक सेकंदही न कापता टेपवाल्यांना दिलं. त्यात मधे तंबूतली जी पंचवीस मिनिटं आहेत, तिथे एक बाई नाक ओढत रडते. ती मी.

पण ऐकायचं आहे ते त्या पंचवीस मिनिटांच्या शेवटी आहे.

विहंगकडे एक जादा पट्टी होती, मंचावर पहिली बिघडली तर असावी म्हणून. त्याने ती अप्पांच्या हनुवटीखाली बसवली, रुमालाच्या वर. ऋजुता म्हणाली, हे चालणार नाही, डबा विहंगच्या मानेला शिकलेला आहे. मलाही तेच वाटत होतं. स्वरयंत्र नसलेल्या मानेचे स्नायू वेगळ्या तऱ्हेने हलतात. विहंगने डब्यावर दोन-तीन कळा फिरवल्या आणि अप्पांना खूण केली, बोला.

अप्पांचे ओठ हलले. डब्यातून घोगरा, तुटका आवाज आला. परत केलं, परत तुटका. अप्पांनी पट्टी काढायला हात वर नेला. विहंगने तो खाली धरला, आणि जाखडीत शाहीर झीलकऱ्याकडे बघतो तसं त्यांच्याकडे बघत राहिला.

अप्पांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून, मांडीवरच्या रेकॉर्डरकडे बोट दाखवून, सावकाश ओठ हलवले. शब्द विहंगच्या आवाजात आले, तरुण, भरलेल्या. आपल्या बापाच्या तोंडून परका आवाज ऐकणं सोपं नसतं. पण डब्याला अप्पा ठाऊक होते ते फक्त ओळीच्या शेवटी.

"बाय," विहंगच्या आवाजात अप्पा म्हणाले, "माईक चालू हाय ना?"

तो 'ना' विहंगचा नव्हता. नाकातून उठला, सुराच्या जरा खालून, वर गेला, आणि मधे घाटातला तो झटका बसला. अप्पांनी डोळे उघडले. आपलाच आवाज ऐकून त्यांनी तो सोडला नाही, धरून ठेवला, बाहेरच्या टाळ्या थांबेपर्यंत धरला.

मी म्हटलं, "चालू आहे, अप्पा."